साहेबाच्या राज्यात भेसळ नव्हती म्हणे!

तिखटमीठ: शेजारच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय की साहेबाच्या अमदानीत इन्स्पेक्टर दुकानात शिरला की वाणी चळाचळा कापत, म्हणून माल शुद्ध मिळे. डोकं फिरलं. १९१७ चं कलकत्ता आठवा. बाजारातल्या तुपात चरबी, तीही गाईची नि डुकराची, असा बोभाटा झाला. हजारो ब्राह्मण हुगळीकाठी प्रायश्चित्ताला बसले. मारवाडी पंचायतीने आपल्याच व्यापाऱ्यांना दंड ठोकले, वाळीत टाकलं. सरकारने त्याच वर्षी तुपासाठी घाईघाईने कायदा दुरुस्त केला. तोवर हे धाकवाले इन्स्पेक्टर कुठे होते? लोकांची पोटं बिघडत होती तेव्हा कुणी हललं नाही, धर्म बुडाला तेव्हा पळापळ.

जुना गिरगावकर: पण हलले ना? १९१९ ला बंगालचा भेसळ कायदा आला, १९२५ ला मुंबईचा. स्वराज्यात देशभराचा कायदा व्हायला १९५४ उजाडलं. ते नाही दिसत तुम्हाला.

तिखटमीठ: कायदे मोजू नका, अंमल बघा. विलायतेत १८७५ पासून नमुन्याचे तीन भाग करून सील करायचे. एक दुकानदाराला, एक तपासणीला, एक वाद झाला तर राखून. हे सगळं ठाऊक असलेल्यांच्या नाकाखाली कलकत्त्यात चरबी विकली गेली.

सायसाखर: तूप राहू द्या हो, दुधाचं बोला! आमचा रतीबवाला रोज लॅक्टोमीटर बुडवून दाखवतो. साय काढली की दूध जड होतं, पाणी ओतलं की हलकं. दोन्ही बेताने केलं की लॅक्टोमीटर बरोबर खुणेवर. ही लबाडी जुनीच. इंग्लंडने १९०१ ला उगाच नाही स्निग्धांशाची किमान ३ टक्क्यांची रेघ आखली.

तांबडा रस्सा: मग म्हशीच्या दुधात खुशाल पाणी घाला की! मुळात सहा-सात टक्के असतात. निम्मं पाणी घातलं तरी पास.

सायसाखर: नापास. त्याच नियमात बाकीचे घनपदार्थ साडेआठ टक्के मागितले होते. अर्धवट वाचून पिंक टाकू नये.

तांबडा रस्सा: ते भरायला पावडर असते. कुठल्या जगात राहता? माझी आजी नखावर थेंब ठेवायची. ओघळला की गवळ्याला दारातून परत.

तिखटमीठ: दूधवाल्यांनी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

सायसाखर: काढणार नाही. दुधावर पोरं वाढतात, तुपावाचून कुणी मेलं नाही.

जुना गिरगावकर: वडिलांचं मिठाईचं दुकान होतं. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. दिवाळीच्या आधी इन्स्पेक्टर हटकून यायचा आणि 'नमुना' म्हणून दोन किलो बर्फी न्यायचा. तीन भाग नाहीत, सील नाही, पावती तर नाहीच. आमची बर्फी चोख होती, तरी द्यावी लागायची.

तिखटमीठ: म्हणजे चोख मालवाल्यालाच भुर्दंड. मी वेगळं काय म्हणतोय?

जुना गिरगावकर: बरं बाबा, जिंकलात. तुमचा पुतळा उभारू हुगळीकाठी. पण साहेबाने निदान सील तरी शोधून काढलं!

तांबडा रस्सा: आणि दह्याला कुठली रेघ होती, ते सांगतंय का कुणी?