बॉस्टनच्या म्युझियममधल्या रिकाम्या फ्रेम्स

पानतंबाखू: पुढच्या महिन्यात मुलीकडे बॉस्टनला चाललोय. गार्डनर म्युझियममध्ये रिकाम्या फ्रेम्स बघायला नेणार म्हणते. तिकीट काढून रिकाम्या फ्रेम्स? चोरी झाली एवढंच कळलं. भानगड काय आहे?

फ्रेमवाली: काका, जरूर या! मी इथेच राहते, चारदा बघून झालंय. 18 मार्च 1990, रात्री एक चोवीस. पोलिसांच्या वेषात दोघं आले, रखवालदाराने दार उघडलं. दोन्ही रखवालदारांना चिकटपट्टीने बांधून तळघरात बसवलं, 81 मिनिटांत 13 वस्तू लंपास. म्युझियम उभारणाऱ्या गार्डनरबाईंच्या मृत्युपत्रानुसार मांडणी हलवायची नाही. म्हणून त्या फ्रेम्स एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशा लटकताहेत.

माझ्या बाबांचं साताऱ्यात फ्रेमचं दुकान होतं, त्यामुळे मला खटकतं ते वेगळंच. रेम्ब्रांट या जुन्या डच चित्रकाराची दोन मोठी चित्रं चोरांनी पात्याने कडेकडेने कापली. त्यातलं एक वादळातल्या बोटीचं, त्याचं एकमेव समुद्रचित्र. साडेतीनशे वर्षांचा रंग, गुंडाळला की पापडासारखा तडकणार. बाबा जुनी ठेवणीतली तसबीर आली की आधी हात पुसायचे. त्याच खोलीतलं रेम्ब्रांटचं आत्मचित्र मात्र भिंतीवरून उतरवून तिथेच टेकवून गेले. ते लाकडी फळीवर आहे. फळी कशी गुंडाळणार?

शंकासुर: म्हणजे अडाणी चोर? मग दुसऱ्या डच चित्रकाराचं, व्हर्मीरचं 'द कॉन्सर्ट' बरोबर कसं उचललं?

फ्रेमवाली: ते खिडकीपाशी टेबलावरच होतं हो, आयतं. आणि जाणकार असते तर वरच्या मजल्यावरचं इटालियन चित्रकार तिशनचं 'युरोपा' सोडून नेपोलियनच्या झेंड्याच्या काठीवरचा गरुड कशाला नेतील?

मला झोप लागू देत नाही ते एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं छोटं चित्र. ते खालच्या खोलीत होतं. त्या खोलीतल्या हालचाल टिपणाऱ्या सेन्सरवर चोरांची नोंदच नाही, शेवटची नोंद चोर येण्याआधी रखवालदाराने मारलेल्या फेरीची. आणि त्याची फ्रेम मिळाली कुठे, तर सुरक्षाप्रमुखाच्या खुर्चीवर!

शंकासुर: एफबीआयने 2013 मध्ये चोर कळलेत म्हणून सांगितलं होतं ना?

फ्रेमवाली: सांगितलं, पण नावं नाहीत, अटक नाही, चित्रंही नाहीत. बक्षीस 1 कोटी डॉलर, अजून तसंच पडलंय.

पानतंबाखू: ताई, तुम्हीच चला आमच्याबरोबर. मुलगी पाटी वाचून दाखवेल, तुम्ही फ्रेम दाखवा.

फ्रेमवाली: येते. डच रूममध्ये, म्हणजे रेम्ब्रांटच्या त्या खोलीत भेटू, मोठ्या फ्रेमसमोर. आतून भिंतीचं हिरवं कापड दिसतं ती.