मदत हवी आहे: प्रोबेशन रद्द झालं, आता अपील की रिव्हिजन?
नमस्कार मंडळी. धाकट्या भावाला मारामारीच्या केसमध्ये प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स अ‍ॅक्ट, १९५८ च्या कलम ४ खाली प्रोबेशनवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर (लेखी हमीवर) सोडलं होतं. आई दवाखान्यात असताना त्याच्या दोन हजेऱ्या चुकल्या आणि मॅजिस्ट्रेटनी थेट सहा महिन्यांची शिक्षा दिली. खरं तर कलम ९ मध्ये पहिल्या चुकीला ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवायची सोय आहे. आईचं डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन उभा होतो, कुणी बघितलंसुद्धा नाही.

कलम ११ मधलं अपील ३ आणि ४ खालच्या आदेशांबद्दल आहे, ९ चा उल्लेख नाही. मग सेशन्स कोर्टात अपील टाकायचं की रिव्हिजन (खालच्या कोर्टाचा आदेश कायद्याला धरून आहे का हे तपासायचा अर्ज)? ते कार्ड तिथे तरी बघतील का? अशा केसमध्ये शिक्षेला स्थगिती मिळालीये का कुणाला? परवा वकिलांकडे जायचंय, प्लीज सांगा.