तारकर्लीला लॅब्राडॉर कुत्रा न्यायचा असेल तर

एकाने विचारलंय की डिसेंबरात लॅब्राडॉरला (लॅबला) मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रकिनारी न्यावं का, तर बिनधास्त न्या, फक्त भर दुपारी वाळूवर नको, पंजे भाजतात. खारं पाणी पोटात गेलं की उलट्या-जुलाब होतात, म्हणून गोडं पाणी सोबत ठेवा आणि मधेमधे पाजत राहा. पण खरी भीती वेगळीच आहे, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली की नको असलेले मासे किनाऱ्यावरच टाकलेले असतात, त्यात तो फुगणारा केंड मासा असू शकतो, तो विषारी, मेलेला सुद्धा, आणि लॅब म्हणजे काय, दिसेल ते तोंडात! तिथे पट्टा सोडूच नका. बाकी रूमवाल्याला आधी फोन करून विचारा कुत्रा खोलीत चालेल ना, काहीजण ऐनवेळी अंगणात बांधा म्हणतात.