रॉझवेलवाल्या आजोबांना काय सांगू?

पाटीपेन्सिल:
आम्ही अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला राहतो. शेजारचे आजोबा सत्त्याहत्तर वर्षांचे, सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झालेले इंजिनिअर. माझ्या मुलीला गणित शिकवतात; लॉगॅरिदम अजून कोष्टकातून काढायला लावतात. परवा आम्हाला याच राज्यातल्या रॉझवेल गावाला घेऊन गेले. तिथल्या रस्त्यावरच्या दिव्यांना परग्रहवासीयांचे डोळे काढलेत. मी हसलो, ते हसले नाहीत. १९४७ला तिथे परग्रहवासीयांची उडती तबकडी पडली आणि लष्कराने लपवली, यावर त्यांचा ठाम विश्वास. म्हटलं, इतकी वर्षं कुणाच्या पोटात राहील का हो? तर म्हणाले, "मी एकतीस वर्षं काय काम केलं ते बायकोला सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही."
यावर काय बोलायचं?

गोधडी:
लष्कर खोटं बोललं, एवढं आजोबांचं बरोबर आहे. ८ जुलै १९४७ला रॉझवेलच्या लष्करी तळावरूनच 'तबकडी मिळाली' असं पत्रक निघालं, आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तिचा हवामानाचा फुगा झाला. खरं तर होतं ते लष्कराचं गुप्त प्रोजेक्ट मोगल (औरंगजेबाचा संबंध नाही). अलामोगोर्डोहून फुग्यांची लांबलचक माळ सोडायची, तिला मायक्रोफोन. सोव्हिएत अणुस्फोटाचा आवाज वरच्या हवेतून हजारो मैलांवर ऐकू यावा म्हणून. रडारला दिसायला बाल्साच्या हलक्या लाकडी काड्यांवर चंदेरी कागद, आणि चिकटवायला खेळण्यांच्या कारखान्यातली फुलाफुलांची टेप! तीच पुढे परग्रहाची लिपी झाली. हवाईदलाने हे सांगितलं १९९४ला. सत्तेचाळीस वर्षं गप्प बसल्यावर कोण विश्वास ठेवणार?

खवचट_काका:
आणि लोकांनी तिथे पाहिले म्हणतात त्या परग्रहवासीयांच्या मृतदेहांचं? १९९७ला हवाईदलवाले म्हणाले, ते पॅराशूटच्या चाचणीतले पुतळे. पण पुतळे टाकले १९५०च्या दशकात! लोकांच्या आठवणीत सालं सरमिसळ झाली म्हणे. असले खुलासे देण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे. तबकडीबिबकडी मी मानत नाही, पण आजोबांना हसू नका.

पाटीपेन्सिल:
हसत नाही हो. काल फुलांच्या टेपचं सांगितलं. शांतपणे ऐकलं, म्हणाले, "टेपचं मला पटत नाही." मी मायक्रोफोनवर घसरलो: इतक्या लांबून स्फोट ऐकू येईल, हेच मला खरं वाटत नाही.
"येतो ऐकू," ते म्हणाले. मग एकदम थांबले, आणि मुलीची वही पुढे ओढली.