गोरेवाड्यात आफ्रिकन सफारी: झेब्रा हवा, की आधी आपला तरस?

बांधावरचा_पाहुणा
नागपूरच्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयात 26 जानेवारी 2021 ला भारतीय सफारी सुरू झाली. आता योजनेत आफ्रिकन सफारी आहे. माझा सरळ विरोध. ताडोबा, पेंच, बोर हाकेच्या अंतरावर असलेल्या शहरात झेब्रे-जिराफ आणून काय साधायचं? इथल्या पोरांना तरस कसा असतो विचारा. टीव्हीतला ठिपक्यांचा, खिदळणारा सांगतील. तो आफ्रिकेतला. आपला पट्ट्यांचा, पाठीवर आयाळ असलेला, बहुतेक वेळ गप्प. रात्री आमच्या शेताच्या कडेनं जातो आणि लोक त्याला भूत समजतात. चौशिंगा आणि खवल्या मांजर तर सोडूनच द्या.

बर्डीची_सून
भाऊ, ताडोबाच्या जिप्सीचा खर्च पण लिहा ना! प्रवेश, गाडी, गाइड धरून हजारोंत जातो, आणि वाघ दिसेलच याची हमी नाही. ज्याच्या खिशात सिटी बसच्या तिकिटापुरतेच पैसे आहेत त्याच्या लेकरानं काय पुस्तकातलाच जिराफ बघायचा? मैसूरला जिराफ पाहिला तेव्हा माझ्या मुलीला म्हटलं, एवढ्या लांब मानेतही मणके सातच, तुझ्या मानेत आहेत तेवढेच. बसमध्ये बसेपर्यंत ती स्वतःची मान चाचपत होती. मोबाइलवर हे होत नाही.

गुरांचा_डॉक्टर
मला काळजी मे महिन्याची. आफ्रिका म्हणजे गरम, तिथले प्राणी नागपुरात सहज राहतील, असं लोक गृहीत धरतात. नैरोबी सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही वर. मे महिन्यात तिथे सकाळी स्वेटर लागतो. इथे पारा 45 च्या पुढे जातो.

कंपाला_रिटर्न
डॉक्टरसाहेब, आफ्रिका म्हणजे फक्त नैरोबी नाही. नायजर देशात नियामे शहराजवळ जिराफांचे मोकळे कळप आहेत, आणि तिथला एप्रिल नागपूरच्या मेला हार जात नाही. नामिबियातही झेब्रे रखरखाटात राहतात. गावाबाहेरची शेतं, उन्हातली बाभळ, त्यातून चालणारे जिराफ, हे नायजरमध्ये रोजचं आहे. प्रश्न उन्हाचा नाही, सावली आणि पाण्याचा आहे.

गुरांचा_डॉक्टर
रानातला जिराफ सावली शोधत मैलोगणती फिरतो. कुंपणातल्याला आपण देऊ तेवढीच. पण नायजरचा मुद्दा मान्य.

भायखळा_लोकल
आमच्या राणीच्या बागेत पाणघोडे आहेत. पिल्लंही झाली आहेत. लोक दोन मिनिटं थांबतात, ‘झोपलाय’ म्हणतात आणि पुढे जातात. खरं तर पाणघोडा दिवसभर पाण्यात पडून राहतो आणि रात्री चरायला बाहेर पडतो. त्याच्या कातडीतून लालसर द्रव पाझरतो, तो ऊन अडवतो. पण बाग संध्याकाळी बंद होते, त्यामुळे पाहणाऱ्याच्या वाट्याला फक्त पाठ येते. एखाद्या माणसानं तिथे उभं राहून नीट सांगितलं तरच ओळख होते. नुसती पाटी कोण वाचतो?

बांधावरचा_पाहुणा
ओळखीचं बोलताय ना? मग दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला शंकर आठवा. झिम्बाब्वेनं 1998 मध्ये भेट दिलेला आफ्रिकन हत्ती. जोडीदार मेल्यावर वीसहून जास्त वर्षं एकटा. हत्तीसारख्या कळपातल्या जनावराला! 2024 मध्ये जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेनं दिल्लीचं सदस्यत्व निलंबित केलं, आणि सप्टेंबर 2025 मध्ये 29 व्या वर्षी तो गेला. रानात हत्ती साठी गाठतात. इतकी वर्षं मुलांनी त्याला पाहिलं. काय शिकली? की हत्ती एकटाच राहतो आणि डोलत असतो.

बर्डीची_सून
शंकरचं वाईटच झालं, त्याबद्दल वाद नाही. पण तो एकटं ठेवण्याचा दोष झाला. मैसूरला जिराफांची पैदास होते, तिथून इतर संग्रहालयांत जातात. गोरेवाड्याला आफ्रिकेतून पकडून आणायची गरजच काय?

टिपेश्वर_७७
आणि मध्य प्रदेशात कुनोच्या जंगलात चित्ते आणले तेव्हा कोणी असं विचारलं नव्हतं. 😀

बांधावरचा_पाहुणा
कुनो प्राणिसंग्रहालय नाही दादा. चित्ता इथलाच होता, आपणच संपवला. झेब्रा कधीच नव्हता.

ताई, मैसूरचं पटतंय. किमान कळप आणा, जोडी नको. भायखळावाले म्हणतात तसं सांगायला माणूस ठेवा, तोही आसपासच्या गावातला पोरगा. आणि झेब्र्याच्या शेजारी आपला तरस ठेवा, म्हणजे येणारा दोन्ही पाहील. असं झालं तर विरोध थोडा कमी करतो. मागे घेत नाही.

गुरांचा_डॉक्टर
शेजारी नका ठेवू हो. तरसाच्या वासानं झेब्रे रात्रभर बिथरतील, आणि कुंपणावर धडकून पाय मोडले की फोन मला येईल.