उत्तर: चाचणी पहाटेच घ्या

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या सूतगिरणीत हवा तापवणाऱ्या वाफेच्या हीटरची चाचणी दुपारी घेतली, सगळं ओके निघालं, पण रात्रपाळीत पाइप दणादण वाजतात, असं एकाने लिहिलंय. वाजणारच! नागपुरात जानेवारीत दुपारी 28-29 अंश असतात, पहाटे पारा कधीकधी 10च्या खाली जातो. थंडगार लोखंडाला वाफ लागली की सुरुवातीलाच भरपूर पाणी होतं, मागून येणारी वाफ ते ढकलत नेते आणि बेंडवर, म्हणजे पाइपच्या वळणावर, आपटते. म्हणून मेन व्हॉल्व्ह जरासाच उघडा, ड्रेन (पाणी काढायचे व्हॉल्व्ह) उघडे ठेवा, हवा निघून जाऊ द्या, पाइप तापला की मगच प्रेशर वाढवा. घाईत पूर्ण उघडणारा ऑपरेटर प्रत्येक पाळीत एक तरी असतोच.

ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) तपासायला नुसती टेम्परेचर गन (लांबून तापमान मोजणारं यंत्र) पुरत नाही. वाफ आणि तिचं ताजं पाणी एकाच तापमानाला असतं, शिवाय चकचकीत पाइपवर गन कमी आकडा दाखवते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर, मूठ कानाला. डिस्कवाला ट्रॅप थांबून थांबून टकटक करत असेल तर ठीक. सलग फुस्स आवाज म्हणजे वाफ थेट पलीकडे चालली. वाफेच्या किलोमागे सुमारे 500 किलोकॅलरी फुकट.

आणखी एक, हे बहुतेक विसरतात. 10 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा नुसती 25 अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता तिशीच्या आसपास येते. मग सूत पटापट तुटतं आणि शिव्या स्पिनिंगवाल्यांना. ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) चालू ठेवूनच चाचणी घ्या.