परराज्यातले वेगाचे तिकीट आणि घरच्या परवान्यावरचे पॉइंट : माप एकच असावे का?

एडिसनकर (धागालेखक)

मागच्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरून हॅरिसबर्गकडे जाताना पेनसिल्व्हेनियात इंटरस्टेट ७८ या महामार्गावर मला वेगाचे तिकीट मिळाले. मर्यादा ताशी ६५ मैलांची होती आणि माझा काटा ८२ वर होता, त्यामुळे चूक कोणाची यावर वाद नाही. वाद आहे तो पुढच्या हिशेबावर. हाच गुन्हा मी माझ्या राज्यात केला असता, तर मर्यादेपेक्षा १५ ते २९ मैल जास्त या गटात माझ्या परवान्यावर ४ पॉइंट, म्हणजे चालकाच्या नोंदीत जमा होणारे दोषांक, चढले असते. बाहेरच्या राज्यात केल्यामुळे चढणार केवळ २, कारण न्यू जर्सी परराज्यातल्या अशा गुन्ह्यांना सरसकट २ पॉइंट देते. म्हणजे शेजारच्या राज्यात मर्यादेपेक्षा पाच मैल जास्त गेलेला आणि सत्तावीस मैल जास्त गेलेला, दोघेही आमच्या दप्तरी सारखेच. माझा मेव्हणा न्यू यॉर्कचा रहिवासी आहे. त्याला त्याच रस्त्यावर तसेच तिकीट मिळाले होते, पण त्याच्या परवान्यावर एकही पॉइंट आला नाही, कारण न्यू यॉर्क इतर राज्यांतल्या वेगाच्या तिकिटांचे पॉइंट धरतच नाही. (गंमत अशी की सीमेपलीकडच्या ओंटारिओ आणि क्वेबेक या कॅनडाच्या प्रांतांतले मात्र धरते.)

पॉइंट हे चालकाच्या सवयीचे मोजमाप असेल, तर ती सवय राज्याची हद्द ओलांडली म्हणून बदलत नाही. म्हणून घरच्या राज्याने परराज्यातला वेगही आपल्याच तक्त्याप्रमाणे मोजावा, असे माझे मत आहे. या नियमाने माझे स्वतःचे नुकसान होईल, हे मान्य करूनच हे लिहितो आहे.

कायदेकीटक

मूळ मुद्द्याशी असहमत. आधी यामागची रचना पाहू. बहुतेक राज्ये ‘ड्रायव्हर लायसन्स कॉम्पॅक्ट’ नावाच्या करारात आहेत, आणि ‘एक चालक, एक परवाना, एक नोंद’ हे त्याचे सूत्र आहे. पण कराराचा मजकूर वाचला तर दिसते की दोष सिद्ध झाल्याची बातमी घरच्या राज्याला कळवणे एवढेच त्यात सगळ्या गुन्ह्यांसाठी समान आहे. दारू पिऊन गाडी चालवणे, माणूस मारला जाणे, अपघात करून पळून जाणे, गाडी वापरून गंभीर गुन्हा करणे, अशा मोजक्या बाबतींत घरच्या राज्याने तो गुन्हा आपल्याच हद्दीत घडल्यासारखा मानायचा असतो. वेगासारख्या बाकी गुन्ह्यांचे काय करायचे, ते करार घरच्या राज्याच्या कायद्यावर सोडतो. तेव्हा न्यू जर्सीचे २ आणि न्यू यॉर्कचे शून्य या कराराच्या पळवाटा नाहीत, करारानेच मुद्दाम ठेवलेली ती मोकळीक आहे.

ही मोकळीक का ठेवली असावी, याचे उत्तम उदाहरण व्हर्जिनिया. तिथे ताशी ८५ मैलांच्या वर गेलात, किंवा मर्यादेपेक्षा २० मैल जास्त गेलात, की ते साधे वेगाचे तिकीट राहत नाही. ते ‘रेकलेस ड्रायव्हिंग’ म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवण्याचा फौजदारी गुन्हा ठरते, आणि कायद्याप्रमाणे त्याला १२ महिन्यांपर्यंत कैद व २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जुलै २०२० पूर्वी तर ही रेषा ८० वर होती. इंटरस्टेट ८१ वर ७० च्या पट्ट्यात ८६ ने जाणारा माणूस मर्यादेपेक्षा फक्त १६ मैल जास्त असतो. आपल्या राज्यात त्याला तिकीट मिळते, तिथे त्याला आरोपी म्हणून न्यायालयात जावे लागते. मूळ गुन्ह्याचीच व्याख्या इतकी वेगळी असेल, तर एकाच तक्त्यात तो बसवणार कसा?

एडिसनकर

व्याख्या वेगळी असली तरी तिकिटावर वेग आणि मर्यादा हे दोन्ही आकडे लिहिलेले असतात. ८६ उणे ७० ही वजाबाकी एडिसनमध्ये वेगळी येत नाही. व्हर्जिनियाने त्याला गुन्हेगार म्हणावे की नाही हा तिचा प्रश्न आहे. माझ्या राज्याने फक्त वजाबाकी करावी.

वहाळकाठची

वजाबाकीबद्दल तक्रार नाही, पण ती वजाबाकी कोणत्या न्यायालयात कायम होते, ते कोणीच बोलत नाही. आपल्याच न्यू जर्सीतल्या नगर न्यायालयात काय चालते ते पाहा. वेगाचे तिकीट घेऊन गेलेल्या स्थानिक माणसाचा वकील सरकारी वकिलाशी बोलतो, आणि पुष्कळदा आरोप ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ (असुरक्षितपणे गाडी चालवणे) या सौम्य कलमावर उतरतो. त्यावर २५० डॉलरचा अधिभार बसतो, पण पहिल्या दोन वेळी पॉइंट एकही येत नाही. याउलट चार तासांच्या अंतरावर राहणारा माणूस एक दिवसाची रजा, पेट्रोल आणि वकिलाची फी यांचा हिशेब करतो आणि धनादेश पाकिटात घालून पाठवतो. तो धनादेश म्हणजे गुन्ह्याची कबुली, हे अनेकांना ठाऊकच नसते. परक्या माणसाच्या माथी पूर्ण गुन्हा आणि स्थानिकाच्या माथी सौम्य केलेला, अशी स्थिती असताना घरच्या राज्याने परराज्यातल्या निकालाला कमी वजन देणे मला अन्याय वाटत नाही. सरसकट २ हा आकडा ओबडधोबड असेल, पण तो त्या असमानतेची थोडीफार भरपाई करतो.

ट्रकवाला_शेजारी

आपणा सर्वांची चर्चा मोटारींची आहे, म्हणून माझा अनुभव वेगळ्या बाजूचा. माझा परवाना व्यावसायिक आहे. मर्यादेपेक्षा १५ मैल किंवा अधिक वेग हा केंद्रीय नियमांत ‘गंभीर’ उल्लंघन आहे. तीन वर्षांत अशी दोन झाली की ६० दिवस, आणि तीन झाली की १२० दिवस गाडी चालवता येत नाही, मग ती कोणत्याही राज्यांत झालेली असोत. म्हणजे एकच माप शक्य नाही हा कायदेकीटक यांचा युक्तिवाद टिकत नाही. ते माप अस्तित्वात आहे आणि त्यावर माझी रोजीरोटी अवलंबून आहे. ज्यांच्यावर ते लागू नाही, त्यांनाच ते अशक्य वाटते.

कायदेकीटक

हे मान्य करावे लागेल. माझा आक्षेप अशक्यतेपुरता होता, तो मागे घेतो. पण व्यावसायिक चालक चाळीस टनांचे वाहन हाकतो आणि त्याचा मोबदला घेतो. कुटुंबाला घेऊन व्हर्जिनियातल्या शेनान्डोआची पानगळ पाहायला निघालेल्या माणसाला तीच शिस्त लावावी का, हा प्रश्न उरतोच.

पर्यटक_पुणेकर

एक भाबडी शंका. पुण्यात ई-चलान गाडीच्या क्रमांकावर येते आणि आपण ते वर्षभर पाहतच राहतो. इथे दुसऱ्या राज्याचे तिकीट तसेच पडू दिले तर काय होईल?

वहाळकाठची

कृपया असे करू नका. पोलिसाने थांबवून हातात दिलेले तिकीट गाडीचे नसते, चालकाचे असते. १९७७ पासून ‘नॉन-रेसिडेंट व्हायोलेटर कॉम्पॅक्ट’ हा दुसरा करार आहे. तिकिटाला उत्तर दिले नाही तर ते राज्य तुमच्या राज्याला कळवते, आणि प्रकरण मिटेपर्यंत तुमचे राज्य परवाना निलंबित करू शकते. कॅलिफोर्निया, मिशिगन अशी थोडी राज्ये त्यात नाहीत, पण त्यावर भरवसा ठेवणे म्हणजे दोन पॉइंट वाचवण्यासाठी परवानाच पणाला लावणे. राजधानी वॉशिंग्टनसारख्या ठिकाणी कॅमेऱ्याने काढलेल्या तिकिटाला मात्र पॉइंट नसतात, कारण कॅमेरा गाडी ओळखतो, चालक नाही. तुमची ई-चलानशी तुलना तेवढ्यापुरती जुळते.

एडिसनकर

वहाळकाठची यांचा न्यायालयाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. स्थानिकाला सौदा आणि परक्याला कबुली, हे चित्र खरे आहे. तरीही त्यावरचा उपाय परक्याला दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरून सुनावणी देणे हा आहे, पॉइंट कमी करणे हा नाही. सुनावणी समान झाली की वजाबाकीही समान व्हावी. मेव्हण्याच्या शून्याचे समर्थन तर अजून कोणी केलेले नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर माझ्या नोंदीवर आधीचे ४ पॉइंट आहेत. आणखी २ आले की तीन वर्षांत ६ होतात आणि आमच्या राज्याचा अधिभार १५० डॉलरपासून सुरू होतो. पेनसिल्व्हेनियात तिकिटाला उत्तर द्यायला दहा दिवस असतात, त्यातले सहा गेले. उद्या ‘गुन्हा अमान्य’ या रकान्यात खूण करून अर्ज टपालात टाकणार आहे. वर लिहिलेल्या मताशी हे विसंगत आहे, हे कोणी दाखवून देण्याआधी मीच नोंदवून ठेवतो.